धक्का आधी, टक्कर नंतर

गेल्या रविवारी भाचीच्या हट्टाखातर मुंबईजवळच्या एका थीम पार्कमधल्या मोशन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या दृश्याबरोबर खुर्च्या हलवणाऱ्या राइडमध्ये, बसलो आणि पाचेक मिनिटांत भिंतीचा आधार घेत बाहेर आलो. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने सराईतपणे लिमलेटची गोळी पुढे केली आणि ‘काका, भरल्या पोटी बसलात का?’ असे विचारले. माझा आक्षेप नेमका या प्रश्नाला आहे.

दादरला आपली लोकल उभी असताना शेजारची गाडी सुटली, की क्षणभर आपणच निघालो असे वाटते. सिम्युलेटरची अर्धी करामत एवढीच असते. उरलेली अर्धी खुर्च्यांखालच्या मंचात असते. वैमानिकांना शिकवण्यासाठी सहा प्रकारे हलू शकणाऱ्या मंचाची रचना डी. स्ट्युअर्ट यांनी १९६५ मध्ये मांडली होती आणि १९८७ मध्ये डिस्नेलँडने ‘स्टार टूर्स’ ही अंतराळसफरीची राइड उभारली तीही विमान-प्रशिक्षणाच्या तंत्रावरच. पडद्यावरचे यान वेग घेते तेव्हा मंच हळूच मागे कलतो आणि आपला भार पाठीवर येतो. कलणे आणि वेग घेणे यांतला फरक आतल्या कानाला एकट्याने ओळखता येत नसल्यामुळे तो डोळ्यांचे म्हणणे मान्य करतो. मग मंच इतक्या सावकाश सरळ होतो की बसलेल्याला पत्ताही लागत नाही. मला तरी ही फसवणूक रोलर कोस्टरपेक्षा कितीतरी अधिक बुद्धिमान वाटते.

परंतु तिचा सगळा जीव पडदा आणि मंच यांची वेळ जुळण्यात आहे. आमचे यान खडकावर आदळण्याआधीच खुर्ची दणका देत होती आणि आठ वर्षांची भाचीसुद्धा ‘मामा, धक्का आधीच बसला!’ म्हणून ओरडली. डोळे आणि कान अशी परस्परविरोधी साक्ष देऊ लागले की मळमळणारच. काहींना अचूक जुळलेल्या राइडमध्येही त्रास होतो, हे मान्य (घाटात एसटीच्या खिडकीशी बसणाऱ्यांना विचारावे). पण म्हणून यंत्राची चूक प्रेक्षकाच्या पोटावर ढकलता येत नाही. पहिल्या खेळाआधी रिकाम्या खुर्च्यांवर एक फेरी चालवून वेळ तपासणे इतके अवघड नसावे.

हे मी त्या मुलाला शक्य तितक्या शांतपणे सांगितले. त्याने मान डोलावली आणि मागून आलेल्या बाईंपुढे बरणी धरली. बरणी अर्ध्याहून अधिक रिकामी होती आणि दुपारचे जेमतेम बारा वाजले होते.