आधी मुलं बघा, मग डिफेन्स ठरवा

अमेरिकन फुटबॉलमध्ये एखाद्या कॉलेजच्या संघावर नवा कोच नेमला की पहिल्याच पत्रकार परिषदेत त्याला विचारतात, तुमचा डिफेन्स कुठला असणार? आणि कोचही लगेच सांगून टाकतो, आम्ही ४-२-५ खेळणार, आक्रमक खेळणार. या उत्तराचा मला मनापासून राग येतो. त्या माणसाने अजून आपल्या संघातल्या मुलांना धावताना पाहिलेलं नसतं. कोणाचं वजन वाढतंय, कोणाचा गुडघा कुरकुरतोय, समोरचा डाव कोणाला चटकन कळतो, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. तरी डिफेन्स ठरलेला असतो आणि पुढची दोन वर्षं एकोणीस-वीस वर्षांची मुलं त्या निर्णयाची किंमत मोजतात.

मी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्समध्ये राहतो, इथल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संघाचा पक्का चाहता आहे, आणि या विषयावर मला बरंच बोलायचं आहे. पुण्याचा मावसभाऊ नेहमी विचारतो की त्या धक्काबुक्कीत तुला एवढं काय दिसतं. त्याने हे शेवटपर्यंत वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं आधी सांगतो. डिफेन्सचे अकरा जण असतात. पुढे ओळीवर हात टेकून उभे असतात ते लाइनमन, त्यांच्या मागे लाइनबॅकर, आणि सगळ्यांत मागे पास अडवणारे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. ४-३ म्हणजे चार लाइनमन आणि तीन लाइनबॅकर, मागे उरले चार. ३-३-५ म्हणजे पुढे तीन, मध्ये तीन, मागे पाच. कागदावर हे आकडे साधे दिसतात, पण प्रत्येक आकड्यामागे एका विशिष्ट अंगकाठीचा माणूस उभा असतो.

ऑफेन्सचे, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या संघाचे, पाच लाइनमन उभे राहिले की त्यांच्यामधून आणि कडेने मिळून पळायला सहा वाटा तयार होतात. टाइट एंड, म्हणजे ओळीच्या टोकाला उभा राहणारा आणखी एक जण, जोडला की सात. चेंडू घेऊन पळणारा यातल्या कुठल्याही वाटेने घुसू शकतो, म्हणून प्रत्येक वाटेवर कोणीतरी लागतो. काही डिफेन्समध्ये पुढचा एकेक लाइनमन दोन-दोन वाटा सांभाळतो. त्यासाठी समोरच्या दोघांनी ढकललं तरी जागचा न हलणारा १५० किलोचा माणूस हवा. काही डिफेन्समध्ये प्रत्येकाला एकच वाट दिलेली असते. तिथे वजन कमी चालतं, पण पहिलं पाऊल विजेसारखं पडावं लागतं. म्हणजे कोच जेव्हा स्कीमचं, मांडणीचं, नाव घेतो तेव्हा तो खरं तर सांगत असतो की मला अशा अशा शरीराची आणि अशा अशा डोक्याची माणसं लागणार. ती हाताशी नसतील तर? कुंबळेच्या हाती चेंडू देऊन तीन स्लिप आणि दोन गली लावणाऱ्या कर्णधाराला आपण काय म्हणालो असतो?

एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, निदान सोय आहे. एखाद्या प्रकारचा खेळाडू नसेल तर ड्राफ्टमधून, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, घ्या, पैसे देऊन आणा. कॉलेज कोचला सतरा वर्षांच्या मुलाकडे बघून अंदाज बांधावा लागतो. आज १०५ किलोचा आहे, तीन वर्षांनी १३० किलोचा होईल का, झाला तर पाय तेवढेच चपळ राहतील का? शिवाय एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाने सीझनमध्ये सराव, मीटिंग, व्यायाम असं सगळं धरून आठवड्याला वीसच तास मिळतात. मुलाला वर्गातही बसायचं असतं. इतक्या वेळात व्यावसायिक संघाची जाडजूड प्लेबुक कोणाच्या डोक्यात उतरणार? त्यामुळे कॉलेजात स्कीमची निवड करताना शरीराइतकीच शिकायच्या वेळेचीही मर्यादा धरावी लागते.

मिशिगन विद्यापीठाचं उदाहरण मला सगळ्यांत जास्त छळतं. २०१० मध्ये कोच रिच रॉड्रिगेझच्या हाताखाली मिशिगनने ३-३-५ खेळायचा प्रयत्न केला. आधी वेस्ट व्हर्जिनियात हा डिफेन्स त्याच्या संघाला लाभला होता, पण तिथे तो चालवणारा जेफ कॅस्टील मिशिगनला आलाच नाही. डिफेन्स आला, तो शिकवू शकणारा माणूस मागे राहिला. ग्रेग रॉबिन्सनकडे जबाबदारी होती आणि हा प्रकार काही त्याचा मुरलेला प्रकार नव्हता. क्रेग रो हा अंगाने आणि स्वभावाने डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे ओळीच्या टोकाचा लाइनमन, त्याला लाइनबॅकर म्हणून खेळवलं. मिशिगनने त्या सीझनला सामन्यामागे ३५.२ गुण दिले. गेटर बोल या सीझनअखेरच्या सामन्यात मिसिसिपी स्टेटने ५२ गुण कुटले आणि रॉड्रिगेझची नोकरी गेली.

२०११ मध्ये ब्रेडी होक कोच म्हणून आला. त्याने बाल्टिमोर रेव्हन्स या एनएफएल संघाकडून ग्रेग मॅटिसनला आणलं आणि मॅटिसनने चार जणांचा फ्रंट, म्हणजे पुढची ओळ, लावला. रो पुन्हा आपल्या जागी, मध्ये माइक मार्टिन, त्याच्या बाजूला रायन व्हॅन बर्गन. त्या वर्षी सामन्यामागे गुण दिले १७.४. पुढचे हे तिघेही आदल्या वर्षी संघात होतेच! मान्य, सगळं श्रेय स्कीमला देणं बरोबर नाही. मुलं एका वर्षाने मोठी झाली होती, दुखापतीमुळे २०१० पूर्ण हुकलेला ट्रॉय वूलफोक परत आला होता, मॅटिसन मुळातच उत्तम शिक्षक. हे सगळं वजा केलं तरी जे उरतं ते मला फार मोठं वाटतं. एका वर्षात निम्मे गुण! आणि २०१० मध्ये ज्यांची शेवटची वर्षं होती, त्या मुलांना दुसरी संधी मिळालीच नाही. माझा राग तिथे आहे. सामना हरण्याचं दुःख चाहत्यांना चार दिवस होतं, पण चुकीच्या जागी उभं करून वाया गेलेलं वर्ष त्या मुलाला कोणी परत देत नाही.

आता आमच्याकडे या. मॅट कॅम्पबेल २०१६ मध्ये आयोवा स्टेटला कोच म्हणून आला आणि पहिल्या सीझनला ३ विजय, ९ पराभव. त्याचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जॉन हेकॉक हा चार जणांच्या फ्रंटवर वाढलेला कोच. २०१७ चा सीझन सुरू झाल्यावर, टेक्सासकडून हरल्यानंतर आणि ओक्लाहोमाच्या सामन्याआधी जे थोडे दिवस मिळाले त्यात त्यांनी अख्ख्या डिफेन्सची मांडणी बदलली. पुढे तीन, मध्ये तीन आणि मागे तीन सेफ्टी खोल उभे.

हे का केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आयोवा हे जेमतेम बत्तीस लाख वस्तीचं राज्य, त्यात आयोवा विद्यापीठाशी वाटणी. १४० किलोचे, तरीही चपळ लाइनमन इथे उगवत नाहीत आणि बाहेरून ते जॉर्जिया, अलाबामा, ओहायो स्टेटकडे जातात. चार चांगले शोधण्यापेक्षा तीन शोधणं सोपं. उलट ९५-१०० किलोची, लांब हातापायांची, शाळेत दोन-तीन खेळ खेळलेली, डोक्याने हुशार मुलं या मिडवेस्टमध्ये भरपूर मिळतात, आणि मोठी कॉलेजं त्यांना ‘ना धड लाइनबॅकर, ना धड सेफ्टी’ म्हणून सोडून देतात. हेकॉकने नेमक्या याच मुलांसाठी जागा तयार केल्या. बिग १२ या आमच्या कॉलेजांच्या गटात तेव्हा जो तो पास झेलणारे चार-पाच रिसीव्हर पसरून पास फेकत होता. मधला सेफ्टी खोलवरून पुढे येऊन पळणाऱ्यालाही गाठू शकतो आणि मागे राहून पासही अडवू शकतो. क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्स चालवणारा खेळाडू, साधारणपणे एका लाइनबॅकरकडे बघून ठरवतो की चेंडू हातात द्यायचा की फेकायचा. इथे तो ज्याच्याकडे बघतोय तो वेगळा आणि येऊन आदळणारा वेगळा. शिवाय प्रत्येक डाव ज्यांच्या आतून सुरू होतो त्या हॅशच्या खुणा कॉलेजच्या मैदानावर ४० फूट अंतरावर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे चेंडू कडेच्या हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला प्रचंड मोकळं मैदान पडतं. ते झाकायला मागे तिसरा धावणारा माणूस असणं फार उपयोगी ठरतं.

आणि मधला लाइनबॅकर कोण होता? जोएल लॅनिंग. आदल्या वर्षी हा मुलगा आमचा क्वार्टरबॅक होता! डिफेन्सला हाका देणारा, सगळ्यांना जागा दाखवणारा माणूस म्हणून त्यांनी ऑफेन्सची भाषा आतून जाणणारा मुलगा निवडला. त्या सीझनला त्याने शंभराहून जास्त टॅकल केले. ७ ऑक्टोबर २०१७ ला नॉर्मनमध्ये ओक्लाहोमासमोर तो डिफेन्समध्ये खेळला, काही डावांत क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिला आणि किकच्या वेळी उतरणाऱ्या स्पेशल टीम्सवरही धावला. ओक्लाहोमा देशात तिसऱ्या क्रमांकावर, त्यांचा क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड, ज्याने त्याच वर्षी हाइजमन ही सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी जिंकली. तीसेक गुणांनी हरणार असं सगळे म्हणत होते. आम्ही ३८-३१ ने जिंकलो. ओक्लाहोमाला आम्ही १९९० नंतर हरवलंच नव्हतं. त्याच महिन्यात चौथ्या क्रमांकाच्या टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) १४-७ असं रोखलं. मग माइक रोजसारखा मुलगा आला, पहिल्याच वर्षापासून खेळला आणि २०२० मध्ये बिग १२ चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. तो सीझन फिएस्टा बोलमध्ये ओरेगनवर ३४-१७ अशा विजयाने संपला. हे लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

यातून कोणी ‘३-३-५ सर्वांत भारी’ असा अर्थ काढला तर मला वाईट वाटेल. इथून दोन-सव्वादोन तासांवर आयोवा विद्यापीठाचं आयोवा सिटी आहे. आमचे हाडवैरी, पण त्यांच्या डिफेन्सबद्दल मला नितांत आदर आहे. आयोवा वर्षानुवर्षं ४-३ खेळत आलेला संघ. २०१७ नंतर जोसी ज्युवेलसह त्यांचे तिन्ही मुख्य लाइनबॅकर एकदम गेले. २०१८ च्या सीझनच्या मध्यावर त्यांच्या डिफेन्सचा कोच फिल पार्कर याने एक लाइनबॅकर कमी केला आणि अमानी हूकर या सेफ्टीला पुढे आणून ४-२-५ सुरू केलं. हूकर त्या वर्षी बिग टेन या त्यांच्या गटाचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅक झाला. इतकी वर्षं घट्ट धरलेली गोष्ट पार्करने सोडली, कारण लाइनबॅकर कच्चे होते आणि सेफ्टी अफाट होता. पुढचे चार मात्र तसेच ठेवले, कारण ते त्यांच्याकडे होते. आमच्याकडे नव्हते.

ब्रायन अर्लाकरचं नाव एनएफएल बघणाऱ्यांनी ऐकलं असेल. १९९८ मध्ये रॉकी लाँग न्यू मेक्सिको विद्यापीठात कोच म्हणून आला तेव्हा त्याला हा उंच, दणकट, तरीही सेफ्टीसारखा पळणारा मुलगा सापडला. लाँगने त्याला लोबो-बॅक केलं, म्हणजे अर्धा लाइनबॅकर, अर्धा फ्री सेफ्टी. अर्लाकर पुढे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत शिकागो बेअर्सकडे गेला आणि हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला. ठरावीक साच्याच्या ४-३ मध्ये तो इतका उठून दिसला असता असं मला वाटत नाही.

स्कीमने सगळं साधत नाही, हेही सांगितलंच पाहिजे. २०२२ मध्ये टीसीयूने जो गिलेस्पीच्या ३-३-५ वर मोठी मजल मारली, मिशिगनला ५१-४५ हरवून राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. तिथे जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं चिरडलं. एका पातळीनंतर समोरचे इतके मोठे आणि इतके वेगवान असतात की कुठलीही मांडणी पुरत नाही. पण याच्या उलट मोह जास्त धोकादायक आहे. जॉर्जियाचा २०२१ चा डिफेन्स बघून देशभरातल्या कोचांना तसंच करावंसं वाटलं. तिथे मध्यभागी १५० किलोंच्या वरचा जॉर्डन डेव्हिस होता. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये त्या एका डिफेन्समधले पाच जण पहिल्या फेरीत गेले. तुमच्याकडे डेव्हिस नाही, तर त्याच्याभोवती रचलेली मांडणी घेऊन तुम्ही काय करणार?

काही मित्र म्हणतात, आता ट्रान्सफर पोर्टल आहे, मुलं संघ बदलून लगेच खेळू शकतात, पैसेही मिळतात, मग कोचने हवा तो डिफेन्स ठरवावा आणि माणसं आणावीत. श्रीमंत कॉलेजांना ते जमेल. पण पोर्टलमध्येही जागचा न हलणारा नोज टॅकल, म्हणजे अगदी मधला लाइनमन, सगळ्यांनाच हवा असतो आणि त्याची किंमत सगळ्यांत आधी चढते. ज्यांच्याकडे तिजोरी नाही त्यांनी बाकीच्यांना नको असलेला माणूस ओळखावा आणि त्याला शोभेल अशी जागा निर्माण करावी, हाच रस्ता मला दिसतो. शिवाय दरवर्षी संघातली एवढी मुलं बदलत असतील, तर एकाच साच्याला चिकटून राहण्यात अर्थ आणखी कमी होतो. भाषा तीच ठेवा, हाका त्याच ठेवा, म्हणजे जुन्या मुलांना नव्याने शिकावं लागणार नाही. पुढे तीन उभे करायचे की चार, ते त्या वर्षीच्या मुलांकडे बघून बदला.

आणि निवड करताना एकट्या हिऱ्याकडे बघू नका. एक अप्रतिम पास-रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, आहे म्हणून त्याच्यासाठी सगळं रचलं आणि चौथ्या आठवड्यात त्याचा घोटा मुरगळला, तर? कुठल्या जागेसाठी तुमच्याकडे पाच-सहा बरी मुलं आहेत आणि कुठे दुसरं नाव घेताना अडखळायला होतं, हे आधी तपासा. जिथे पाच-सहा आहेत तिथे मांडणी जड करा.

एनसीएए वसंतात पंधरा सराव करू देते. माझी विनंती आहे की नव्या कोचने डिसेंबरच्या पत्रकार परिषदेत डिफेन्सचं नाव घेऊच नये. ते पंधरा सराव बघण्यात घालवावेत. लाइनबॅकरना सेफ्टीच्या जागी धावायला लावावं, एंडना आत बसवून पाहावं, मागच्या वर्षी बाकावर बसलेल्या क्वार्टरबॅकला विचारावं की तुला टॅकल करायला आवडेल का. पत्रकारांनी एप्रिलमध्ये पुन्हा विचारावं, आणि कोचने उत्तर द्यायच्या आधी मुलांची नावं घ्यावीत.