बाळाच्या गुळण्या आणि एक फॉरवर्ड

नव्याने आईबाबा झालेल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: बाळ दूध काढतं म्हणजे त्याला आईचं दूध पचत नाही, दही होऊन बाहेर आलं तर पोट बिघडलंय, अशा बाळाला पालथं झोपवा, नाहीतर झोपेत गुदमरेल, ऍसिडिटीचे थेंब सुरू करा, आणि उलटी हिरवट असेल तर घाबरू नका, नुसतं पित्त झालंय. पाच सल्ले, पाचही चुकीचे. शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

उलटीला हिरवा रंग येतो तो पित्तरसामुळे, आणि पित्तरस जठरात तयार होत नाही. तो जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन मिसळतो. तो तोंडावाटे बाहेर पडतोय याचा अर्थ पुढची वाट कुठेतरी अडलेली असू शकते. काही बाळांच्या आतड्याची ठेवण जन्मतःच नीट बसलेली नसते. असं आतडं स्वतःभोवती पिळलं जाऊ शकतं आणि मग त्याचा रक्तपुरवठा तुटतो. बहुतेक वेळा हे आयुष्याच्या पहिल्याच महिन्यात घडतं आणि आतडं वाचवायला हातात काही तासच असतात. प्रत्येक हिरव्या उलटीमागे हेच निघेल असं मुळीच नाही, पण निघणार की नाही हे घरी बसून ठरवता येत नाही. त्यामुळे पोपटी, शेवाळी, गडद हिरवी अशी कुठलीही उलटी झाली की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं, आणि शक्यतो लहान मुलांच्या सर्जनची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. भिजलेला कपडा सोबत न्या. ‘हिरवट-पिवळट’ हे तोंडी वर्णन ऐकून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही, कपडा बघून कळतं. (पहिल्या दिवसांतलं चिकाचं दूध मुळातच पिवळसर असतं, त्यामुळे गुळणीही तशी येते. तिची भीती नको.)

आता ‘पचत नाही’बद्दल. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप नवजात बाळात अजून ढिली असते. पोट एवढंसं, आहार सगळा पातळ, दिवसाचा बराचसा वेळ आडवं पडून, वर दुधाबरोबर गिळलेली हवा. दूध वर येणार नाही तर काय होईल? पहिल्या तीन महिन्यांत जवळपास निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध काढतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वात जास्त असतं, मग बाळ बसायला लागतं, घट्ट खायला लागतं आणि वर्षाच्या आसपास बहुतेकांचं थांबतं. यासाठी अंगावरचं दूध तोडण्याची काहीही गरज नाही.

दह्याचं तर उलटच आहे. जठरातलं आम्ल आणि पाचकरस दुधाला लागले की ते फाटतंच. गुठळ्या दिसल्या म्हणजे पचन सुरू झालं होतं.

‘पिलेलं सगळं बाहेर आलं’ हे वाक्यही नेहमी ऐकू येतं. एकदा दोन चमचे पाणी कोरड्या दुपट्यावर ओतून बघा. डाग केवढा पसरतो ते पाहिलं की अंदाज येईल. खरा हिशोब वजनकाट्यावर होतो. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत येतं आणि त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं. तसं वाढत असेल, बाळ शू नीट करत असेल आणि गुळणी टाकून लगेच हातपाय हलवत खेळत असेल, तर काम फक्त कपडे धुण्याचं आहे. दूध पाजून झाल्यावर ढेकर काढा, वीस-तीस मिनिटं उभं धरा, एकदम भरपूर पाजण्यापेक्षा थोडं थोडं पाजा. एवढं पुरतं.

पालथं झोपवण्याचा सल्ला पटण्यासारखा वाटतो, म्हणूनच तो टिकून आहे. पण बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर चढावं लागतं. पालथं केलं की हा फायदा जातो. शिवाय पालथ्या झोपेचा बाळांच्या अचानक मृत्यूशी संबंध आहे. १९९०च्या दशकात अनेक देशांनी ‘बाळाला उताणं झोपवा’ अशा मोहिमा काढल्या आणि हे मृत्यू ठळकपणे घटले. डोक्याखाली उशीही नको.

थेंबांचं काय? २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६२ बाळांपैकी काहींना आम्ल कमी करणारं औषध दिलं, काहींना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं काहीतरी. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांना सारखाच आराम पडला. औषधवाल्या गटात छातीचे संसर्ग मात्र जास्त दिसले.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते असं. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बाळ प्रत्येक पाजण्यानंतर फवाऱ्यासारखी, लांब उडणारी उलटी करू लागलं आणि लगेच पुन्हा भुकेने रडू लागलं, तर जठरातून आतड्यात जाणाऱ्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होऊन वाट बंद होत असण्याची शक्यता असते. मुलांमध्ये हे मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं. सोनोग्राफीत ते दिसतं, छोट्या शस्त्रक्रियेने बरं होतं, पण ‘सगळीच बाळं काढतात’ म्हणत थांबलं तर बाळ वाळत जातं.

उलटीत रक्त किंवा कॉफीसारखे कण, फुगलेलं टणक पोट, खोल गेलेली किंवा फुगून वर आलेली टाळू, शू कमी होणं, दूध ओढायचंच बंद करणं, श्वास अडकणं, ओठ निळे पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दाखवा. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर त्याने दूध काढलं असो वा नसो, सकाळची वाट न बघता निघा.