पाणी कुठवर आलं होतं, ते लिहिलंय कुठे?

आमच्याकडे, म्हणजे चिपळूण-गुहागर पट्ट्यातल्या आणि तिथून बाहेर पडलेल्या मंडळींत, जून लागला की एक वाद हमखास निघतो. एक पार्टी म्हणते या मोबाईलने वाट लावली, पोरं वाचत नाहीत, फॉरवर्ड आला की त्यालाच ज्ञान समजतात. दुसरी म्हणते, अहो काका, आता सगळं नेटवर आहे, लायब्ररीत जायचंय कशाला. मी इकडे जर्मनीत, कोलोनात बसून दोन्हीकडचे मेसेज वाचते आणि मला दोन्ही पटत नाहीत, कारण सगळं नेटवर आहे हे साफ खोटं, निदान आपल्या भागाबद्दलचं तरी, आणि फोनला शिव्या घालूनही उपयोग नाही कारण आपली माणसं हल्ली रोज ढिगाने लिहितायत, जी कधी पोस्टकार्ड लिहायची नाहीत तीसुद्धा, फक्त ते सगळं अशा जागी लिहितायत जिथून परत काढता येत नाही.

22 जुलै 2021 घ्या. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय येत होतं! चिंचनाक्यात छातीभर, पेठमापला अमक्याच्या जिन्याच्या सातव्या पायरीला, बाजारपुलाकडे कुणी येऊ नका, खेर्डीत अजून चढतंय. कुणी वेळ टाकून फोटो, कुणी नुसताच ओरडलेला व्हॉइस मेसेज. मग फोन लागेनासे झाले. पण त्या काही तासांत जे आलं ते गल्लीवार आणि तासावार होतं, इतकं बारीक कुठल्या रिपोर्टात येत नाही. आज ते कुठाय? फोन बदलले, मेमरी भरली म्हणून व्हिडिओ उडवले, ग्रुप तर मधे राजकारणावरून फुटलाच. रोकड घेऊन एसटीच्या टपावर तासन् तास बसून राहिलेले डेपोतले साहेब सगळ्यांना आठवतात कारण त्याची बातमी झाली, पण डेपोत पाणी किती फूट होतं विचारा, पाच जण पाच आकडे सांगतील. खाजणात भरतीचं पाणी शिरावं आणि ओहोटीला निघून जावं तसं ते सगळं आलं तसं गेलं.

आणि आता वाद कशावर चाललाय? पूररेषांवर. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. कुणाचं घर कुठल्या रेषेत यावर बांधकामाची परवानगी अडते, जागेचा भाव पडतो. अर्धे लोक म्हणतात कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी कोळकेवाडीतून वाशिष्ठीला येतं त्याचा हा प्रताप, अर्धे म्हणतात नदीतला गाळ, आणि उरलेले अर्धे (आमच्यात तीन अर्धे असतात) म्हणतात डोंगर पोखरले, वर खाडीला उधाण, मग दुसरं काय होणार. सगळ्यांचंच थोडं थोडं खरं असेल. पण साहेबासमोर ठेवायला कागद कुणाकडे? "आमच्या ओटीला 2005 ला एवढं होतं आणि 2021 ला एवढं" हे सांगायला प्रत्येक घरात माणूस आहे, दाखवायला काही नाही.

इकडची गंमत म्हणजे, गंमत कसली, त्याच्या आठच दिवस आधी, 14 जुलैच्या रात्री, इथून दक्षिणेला तासाभरावर असलेल्या आर नदीच्या खोऱ्यात असंच झालं. एवढीशी नदी, आपल्याकडे असती तर पऱ्या म्हणाले असते, आणि एका रात्रीत 130 हून जास्त माणसं गेली. नंतर लोकांनी फेसबुकवरून वगैरे मदत उभी केली, हेल्फर-शटल नावाने बसगाड्या सुरू केल्या, देशभरातून फावडी घेऊन आलेल्या अनोळखी माणसांना चिखल काढायला पोचवायचे, ते कौतुकाचंच.

पण मला खरी लागलेली गोष्ट दुसरी आहे. त्याच नदीला 1804 च्या जुलैत असाच भयंकर पूर आला होता, 63 माणसं गेली होती. 1910 ला पुन्हा मोठा पूर, रेल्वेचं काम करणारे मजूर वाहून गेले. हे सगळं जुन्या कागदपत्रांत होतं, एवढंच नाही तर बॉन विद्यापीठातल्या भूगोलवाल्यांनी 1804 ला नदीतून किती पाणी गेलं असेल याचा हिशोब 2021 च्या आधीच काढून छापलेला होता. तरी पुराच्या धोक्याचे सरकारी नकाशे बनले ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोजण्यांवर. म्हणजे कपाटात होतं, संशोधनाच्या मासिकात होतं, ज्या बाईने नदीकाठी घर घेतलं तिच्या फोनवर नव्हतं. म्हणून जर्मन लोक कसे शिस्तीचे नि आपण कसे गचाळ हे पुराण मला लावायचं नाही. लिहून ठेवलं आणि कडी लावली तर बुडायचं तसे बुडतोच.

मला हवंय ते याच्या मधलं काहीतरी आहे आणि ते फार अवघडही नाही. फ्रान्समधे सरकारनेच एक साईट चालवलीय, भिंतीवरच्या, पुलावरच्या जुन्या पुराच्या खुणा कुणीही फोटोसकट कळवायच्या, त्या नकाशावर लागतात. आपलं सरकार करेल तेव्हा करेल. तोवर ओपनस्ट्रीटमॅप आहे, 2004 पासून जगभरची साधी माणसं तो नकाशा भरतायत, त्यात पुराची खूण टाकायची सोय आहे. फोटोसाठी विकिमीडिया कॉमन्स आहे, विकिपीडियाचंच उघडं फोटोभांडार. फोटो, तारीख, जागा, आणि एक ओळ मराठीत: पाणी या चौकटीपर्यंत. बास. कुणी चुकीचं टाकलं तर दुसरा येऊन दुरुस्त करतो आणि आधी काय होतं तेही मागे जाऊन बघता येतं, आमच्या ग्रुपवर कुणाची चूक काढून बघा, लगेच लेफ्ट.

विकिपीडिया मी मुद्दाम शेवटी घेतेय. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी, जर्मन बोलणारे काही आपल्या दसपट नाहीत, तरी जर्मन विकिपीडियात 30 लाखांच्या आसपास लेख आणि मराठीत लाखाच्या आसपास, त्यातही आपल्या कित्येक गावांचा लेख म्हणजे नाव, तालुका आणि हवामानाचं तेच ते वाक्य. लाज वाटते ना? पण तिथे एक अडचण खरीच आहे, विकिपीडियाला आजी चालत नाही, छापील संदर्भ लागतो. मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की बिछाने माळ्यावर न्यायचे, हे शहाणपण छापलंय कुणी? म्हणून आधी फोटो आणि नकाशा म्हणतेय.

लायब्ररीवाल्या काकांबद्दल मला पूर्ण आदर आहे, कारण चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं, आणि त्यालाही 2005 नि 2021 च्या पुरांनी सोडलं नाही. पण त्याच कारणाने म्हणते, एकाच जागी ठेवू नका. आमच्या कोलोनचं नगर-अभिलेखागार 3 मार्च 2009 ला भरदिवसा कोसळलं, पूर नाही, भूकंप नाही, शेजारी मेट्रोचं काम चाललेलं. दोन तरुण गेले आणि हजार वर्षांची कागदपत्रं, शेल्फ ओळीने लावले तर 30 किलोमीटर भरतील एवढी, ढिगाऱ्यात. बहुतेक बाहेर काढली पण फाटलेली, भिजलेली, ती जोडायला कित्येक दशकं जाणारेत. तेव्हा लोकांनी काय केलं, तर एक साईट काढली आणि ज्यांनी ज्यांनी आधी कधी अभ्यासासाठी तिथल्या कागदांचे फोटो, झेरॉक्स, मायक्रोफिल्म नेली होती त्यांना म्हटलं इथे टाका. मूळ कागद चिखलात आणि त्याची प्रत कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या खणात! आपल्याकडेही असे खण आहेत, वंशावळी, देवस्थानच्या वह्या, जुन्या होड्यांचे फोटो, फक्त कुणी विचारत नाही.

आता दादाचं म्हणणं. दादा म्हणतो, "फुकट कशाला द्यायचं? आपण टाकणार, कंपन्या उचलणार, एआयला खिलवणार आणि परत आपल्यालाच विकणार." त्याचं चुकत नाही. कॉमन्सवर टाकलेला फोटो कुणीही धंद्यालासुद्धा वापरू शकतो, बहुतेक लायसन्समधे तुमचं नाव द्यावं लागतं, आणि सगळे देतातच असं नाही. हे आधी माहीत असू दे, नंतर बोंब नको. पण पाणी किती चढलं ही गोष्ट लपवून फायदा कुणाचा? बिल्डर सोडून मला तरी कुणी दिसत नाही. हापूसला मोहोरावर कोण काय फवारतो ते बागायतदार शेजाऱ्याला सांगत नाही, नको सांगू दे, त्याचं पोट त्यावर आहे.

काही गोष्टी खरंच उघड्यावर टाकायच्या नसतात. खवलेमांजर कुठल्या बिळात आहे ते सांगितलंत तर त्याला घेऊन जाणारे आधी पोचतील. आयनॅचरलिस्ट नावाच्या, प्राणी-झाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या साईटवर धोक्यात असलेल्या प्राण्याची नोंद केली की ते नेमकी जागा आपोआप लपवतात, वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दिसतं, ही अक्कल मला आवडते. कातळशिल्पांचं मात्र उलट. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कोरलेली ही जुनी चित्रं गावातल्या गुराख्यांना, शेतकऱ्यांना माहीत होतीच, सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती गावोगाव विचारत हिंडले म्हणून बाहेरच्यांना कळली, 2022 मधे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती 18 मीटरचा आहे, तो जर नकाशावर नसता आणि उद्या तिथे चिरेखाण निघाली असती तर कोण ओरडलं असतं? बारसूच्या सड्यावर रिफायनरी की कातळशिल्पं या भांडणात, तुमचं मत काहीही असो, शिल्पं नोंदलेली होती म्हणून निदान त्यांचं नाव तरी घ्यावं लागलं. हां, नकाशावर आली म्हणून बूट घालून वर नाचणारेही आले, ते आहेच.

इकडचे लोक या बाबतीत दुसऱ्या टोकाला. 2010 मधे गुगल स्ट्रीट व्ह्यू आलं तेव्हा जवळपास 2 लाख 44 हजार घरांनी आमचं घर धूसर करा म्हणून कळवलं. आम्ही हसायचो. आता आमच्या ग्रुपवर बुडालेल्या माणसांचे फोटो नावानिशी फिरलेले आठवतात तेव्हा हसू येत नाही.

"तू तिकडून सांगू नको, इथे येऊन गाळ काढ" हे उत्तर मला मिळणार आहे, मिळालेलं आहे. बरोबरच आहे. अमेरिकेत कॉर्नेलला 1911 मधे डॉक्टरेट करून परत येऊन ज्ञानकोशाचे 23 खंड काढणारे केतकर एखादेच, मी परत येणार नाहीये, मला माहितीये. ज्ञान गावातल्यांकडे आहे, माझ्याकडे नेट आहे आणि रविवार आहे, तर टायपिंगचं काम माझ्यासारख्यांनी घ्यावं एवढंच म्हणतेय. गणपतीला चाकरमानी झाडून सगळे घरी असतात, आरत्या झाल्या की जुने फोन काढा, 2021 चे फोटो काढा, वहिनींना विचारा पाणी किती वाजता ओटीवर आलं, त्यांना मिनिट आठवतं.

सुरुवात मी आमच्याच घरातून केलीय. आत्याने सगळे फोटो पाठवले, फक्त एक सोडून. त्यात पाणी ओसरल्यावरचं स्वयंपाकघर आहे, भांडी पसरलेली, फ्रिज आडवा, ते जगाला दाखवायचं नाही म्हणते. नेमकी त्याच भिंतीवर पाण्याची रेघ सगळ्यात साफ दिसते. भांडी कापून नुसती भिंत ठेवते असं म्हटलंय तिला, बोलणी चालू आहेत.