गोदीतली पेन्शन आणि माहितीपट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोदी कामगारांच्या पेन्शनवर माहितीपट निघायला हवेत, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘मी पोर्टात होतो, पोर्टवाल्यांना चांगली पेन्शन मिळते. म्हाताऱ्यांचे अश्रू दाखवून इफ्फीत (गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात) टाळ्या घ्यायचा हा उद्योग आहे.’

अश्रूंबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. थरथरत्या हातांवर कॅमेरा रेंगाळला की बघणारा हळहळतो आणि आकडा विचारायचा विसरतो.

पण गोव्याच्या मुरगाव बंदरात ‘पोर्टवाले’ दोन तऱ्हेचे. पोर्टाच्या हजेरीपटावरच्या जुन्या कामगाराला पोर्टाची पेन्शन, वर महागाई भत्ता. त्याच धक्क्यावर कंत्राटदाराकडे राबलेल्याला पीएफची, म्हणजे १९९५ च्या योजनेची. तिचा हिशेब: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. २०१४ पर्यंत हा पगार सहसा ६,५०० रुपयांपर्यंतच धरत. १४ वर्षं भरून २०१० साली निवृत्त झालेल्याला महिना १,३०० रुपये. त्यावर महागाई भत्ता नाही.

माझ्या काकांना तेवढेही नाहीत. वास्कोच्या बायण्याहून २२ वर्षं कंत्राटदारांकडे पाळीला गेले. कंत्राटदार बदलला की मुकादम दहा-सी फॉर्मवर, म्हणजे पेन्शनचे पैसे काढायच्या अर्जावर, सही घ्यायचा, पैसे हातात यायचे, पुढच्या कंत्राटात नवं खातं. त्या पैशांतून घराची कौलं बदलली. पण पेन्शनचे पैसे काढले की तेवढी वर्षं पुसली जातात, आणि १० वर्षं भरल्याशिवाय महिन्याची पेन्शन नाही. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भरलेल्या वर्षांचा दाखला, घेतलं असतं, तर वर्षं पुढं जोडली गेली असती. हे त्यांना कळलं साठी उलटल्यावर. आता गोवा सरकारच्या दयानंद योजनेच्या दोन हजारांवर भागवतात.

काकांच्या गँगमधल्या निम्म्यांना तो फॉर्म वाचता येत नव्हता. माझा लेख ते कुठून वाचणार? पण पडद्यावर त्यांच्यातलाच कुणी फॉर्म हातात धरून ‘इथे सही केली आणि माझी सात वर्षं गेली’ म्हणाला, तर आज धक्क्यावर असलेल्या पोरांना ते नेमकं कळेल. इफ्फीचं राहू द्या. माहितीपट बंदराजवळच्या सडा वस्तीत, पाळी सुटल्यावर दाखवायला हवा.

तुमच्या पाळीला जहाजाच्या हॅचमध्ये, माल ठेवायच्या कप्प्यात, उतरणारे कंत्राटी कामगार तुम्हाला आठवत असतील. त्यांच्यापैकी कुणी बोलायला तयार असेल तर कळवा. आणि जुन्या पीएफ पावत्या असतील, तर त्या फेकू नका म्हणावं.