उकळत्या पाण्यातली ‘आंधळी’ कोळंबी: खरं काय?
सध्या एक दावा फिरतोय: ‘समुद्रतळाशी ४०० अंशांच्या उकळत्या पाण्यात राहणारी आंधळी कोळंबी’. कोळंबी खरी, बाकी तिखटमीठ. रिमिकॅरिस एक्झोक्युलाटा ही जात अटलांटिक महासागराच्या तळाशी असलेल्या मध्य अटलांटिक पर्वतरांगेतल्या उष्ण झऱ्यांभोवती राहते. झऱ्याच्या तोंडाशी पाणी ३५० अंशांच्या आसपास असतं (प्रचंड दाबामुळे ते उकळतही नाही). पण कोळंबी गर्दी करते तिथे थंड पाणी मिसळून ते साधारण १० ते ३० अंशांवर आलेलं असतं. थेट धारेत सापडली तर ती शिजूनच निघेल! ‘आंधळी’ हेही अर्धसत्यच. नेहमीचे डोळे नाहीत, पण पाठीवर प्रकाश टिपणारा मोठा अवयव आहे. झऱ्याचा अतिमंद उजेड त्याला जाणवत असावा. आणि पोट? कल्ल्यांच्या पोकळीत वाढणारे जिवाणू झऱ्यातल्या रसायनांवर जगतात, तेच तिला पोसतात.