एक फुल, दोन हाफ, एक शून्य

राज्य सरकारच्या नोकरीतून 58व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाची एक पंचाईत असते. ऑफिसच्या लेखी तो म्हातारा होतो आणि एसटीच्या लेखी 65 पूर्ण होईपर्यंत तरणाताठाच राहतो. मी सध्या 64चा आहे. म्हणजे पेन्शन खायला पात्र, पण हाफ तिकिटाला अपात्र.

आमच्या ऑफिसातल्या चौघांची एक दिवसाची सहल ठरत होती, तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं. ठरत होती म्हणजे काय, ग्रुपवर फाइल फिरत होती. सिंहगड सुचवला, तर भाऊंचे गुडघे आडवे आले. जेजुरीला पायऱ्या. जंजिऱ्याला बोट, आणि ताईंना बोट लागते. शेवटी वाईवर एकमत झालं, कारण स्वारगेटहून थेट गाडी मिळते आणि ढोल्या गणपतीच्या दर्शनाला फार चढावं लागत नाही. आमच्या वयात तीर्थक्षेत्राचं माहात्म्य पायऱ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतं.

गाडीत बसताच नानांनी आधार कार्ड काढून हातात धरलं. नाना 77 वर्षांचे, लेखा शाखेतून निवृत्त. 2022च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे आणि पंच्याहत्तरी झाल्यापासून नाना महाराष्ट्र पिंजून काढतायत. भाऊ सत्तरीचे, म्हणून हाफ. ताईंना बायकांची सवलत आहे, ती 2023पासून, आणि तिला तर वयाची अटच नाही. राहिलो मी.

कंडक्टर पंचविशीतला पोरगा होता. त्यानं चौघांवर नजर फिरवली आणि नेमकं माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, आधार?"

"फुल द्या," मी हळू आवाजात म्हणालो.

"अहो, पंच्याहत्तरच्या पुढं फुकट आहे. कार्ड नसंल तर मोबाईलमधलं दाखवा. लाजायचं काय त्यात?"

आता त्याला कसं सांगू? माझं डोकं पन्नाशीतच सफाचट झालं आणि कानांवर उरलंय ते पांढरंशुभ्र. नाना मात्र केसांना डाय लावतात, मिशीलासुद्धा. "चौसष्ट पूर्ण," असं मला शेवटी मोठ्यानं सांगावं लागलं. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागं वळून खात्री करून घेतली. मग त्या पोरानं नानांचं कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, नानांना पाहिलं, परत फोटो पाहिला. "हे तुमचंच का?"

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं तेव्हाही नाना इतके खूश झाले नव्हते. मशिनातून निघालेलं ते शून्य रुपयांचं तिकीट त्यांनी घडी न मोडता पाकिटात ठेवलं आणि थेट खेड-शिवापूरपर्यंत ते मधूनमधून काढून बघत होते.

शिरवळच्या स्टँडवर गाडी जेमतेम टेकली, तोच भाऊ उठले. प्रोस्टेटवाल्या माणसाला स्टँड दिसला की राहवत नाही. "दोन मिनिटं हं," म्हणून ते उतरले आणि दिसेनासे झाले. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. ताई दारात उभ्या राहिल्या. नानांनी ड्रायव्हरला, ही गाडी घाटातून जाणार की बोगद्यातून, असं विचारून गुंतवलं. वास्तविक पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट आणि येताना बोगदा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. ड्रायव्हरनं नानांकडे बघितलं ते अशा नजरेनं, की फुकटवाले आणि वर प्रश्न विचारतात! भाऊ परत आले ते हातात पाण्याची बाटली घेऊन. म्हणजे पुढच्या स्टँडची सोय झाली.

वाईत दर्शन झालं. मग खानावळीत ताट येण्याआधी टेबलावर गोळ्यांच्या डब्या आल्या. भाऊंच्या डबीला सात खण, पण वार पुसले गेलेले. "मंगळवारची घेतली का मी?" असं ते विचारत होते आणि त्या दिवशी गुरुवार होता. जेवणाआधीच्या गोळ्या घेऊन झाल्या, तर वेटर म्हणतो, भाकरीला अर्धा तास लागेल. चौघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे असं पाहिलं, जणू आता भाकरी आधी येते की साखर आधी उतरते, एवढंच बघायचं राहिलंय.

तिथून रिक्षा करून मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा पाहिला. मराठेशाहीच्या हिशेबाचे आणि कारभाराचे मोडी कागद याच वाड्यात सांभाळले गेले, अभ्यासक त्याला मेणवली दप्तर म्हणतात. वाड्यामागं कृष्णेचा घाट आहे आणि तिथं वसईच्या स्वारीनंतर आणलेली भलीमोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. आमच्या नानांना घंटेत रस नव्हता. जागेचा गुण लागला असावा, पायरीवर बसकण मारून ते म्हणाले, "चला, हिशेब करून टाकू."

ताईंनी वही काढली. त्या आवक-जावक शाखेत होत्या, वहीशिवाय श्वास घेत नाहीत. "कटकट नको," त्या म्हणाल्या, "रिक्षा, जेवण, तिकिटं सगळं एकत्र करायचं आणि चारानं भागायचं."

मी मनातल्या मनात गणित केलं. एक फुल, दोन हाफ, एक शून्य. बेरीज दोन तिकिटं, भागिले चार, म्हणजे अर्धं. मला हाफ पडत होतं! भाऊ आणि ताईंचं हाफचं हाफच राहत होतं. मी ताबडतोब अनुमोदन दिलं.

पण लेखा शाखेतला माणूस तो. नाना ताठ झाले. "म्हणजे माझ्या शून्याचं अर्धं होणार?"

"नाना, मैत्रीत काय एवढं?"

"मैत्री गेली खड्ड्यात. ते शून्य मी पंच्याहत्तर वर्षं जगून मिळवलंय. तू काय केलंस?"

भाऊंनी लगेच, नानांनी भाकऱ्या किती खाल्ल्या, हा मुद्दा काढला. नानांनी भाऊंच्या दोन बाटल्या पाण्याचा काढला. घंटा बघायला आलेली कॉलेजची पोरं आमचाच व्हिडिओ काढू लागली, तेव्हा ताईंनी वही मिटली आणि मला विचारलं, "तुमची पासष्टी कधी हो?"

"फेब्रुवारीत."

"झालं तर मग!" नाना म्हणाले. "पुढची सहल मार्चमध्ये. तोवर याला घेऊन फिरणं परवडायचं नाही."

ठराव मंजूर झाला. ताईंनी तारखेची जागा मोकळी ठेवून 'मार्च' असं लिहिलं आणि मग पेन थांबवून म्हणाल्या, "पण मार्चमध्ये इयरएंडिंग असतं ना?"

चौघंही गंभीर झालो. रजा कोण देणार होतं!

"मग एप्रिल," नाना म्हणाले.