मालक असलेला मोकाट कुत्रा

मोकाट कुत्र्यांवर सध्या जो उठतो तो बोलतो. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या कुत्र्यांबद्दल एक आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हापासून तर फेसबुकवर दोन तटच पडलेत. एक म्हणतो उचलून न्या, दुसरा म्हणतो खाऊ घाला. या भांडणात आमच्या शेजारचा कुत्रा कुठेच बसत नाही. त्याला मालक आहे. गळ्यात पट्टा आहे, नाव आहे, दोन वेळची भाकरी आहे. फक्त दिवसभर तो कुठे असतो हे मालकाला ठाऊक नसतं. मला ठाऊक असतं, कारण तो माझ्या खुराड्यापाशी असतो.

आम्ही जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला मळ्यात राहतो. चारी बाजूंनी ऊस. शेजारी म्हणजे परका कुणी नाही, भाऊबंदच. नवऱ्याचे चुलतभाऊ, माझे भाऊजी. मधे एक बांध आणि गिन्नी गवताची ओळ. आता उसाच्या पट्ट्यात कुत्रा लागतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इकडचं गणित बाकी महाराष्ट्राच्या उलटं आहे. दुसरीकडे लोक कुत्रा दिवसा बांधतात आणि रात्री राखणीला सोडतात. इथे रात्री कुत्रा बाहेर ठेवला तर सकाळी नुसता पट्टा सापडायचा. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात भक्ष्य म्हणून सगळ्यात जास्त निघालं ते पाळीव कुत्रंच. म्हणून आमच्याकडे दिवस मावळला की कुत्रा पडवीत किंवा गोठ्यात कोंडतात. रात्रभर कोंडलेलं तरणंताठं जनावर सकाळी सुटलं की काय करणार? पळणार. आणि नेमक्या त्याच वेळी मी खुराड्याचं दार उघडते. कोंबडीचा दिवस आणि कुत्र्याचा दिवस एकाच वेळी उजाडतो, खरी गोम इथे आहे.

माझ्याकडे दोन-अडीच डझन पक्षी असतात. निम्म्या गावठी, निम्म्या गिरिराज आणि वनराज या सुधारित जातींच्या. हे मुद्दाम सांगते, कारण कुत्रा आला की दोघींचं नशीब वेगळं. गावठी कोंबडी ओरडत उडते आणि थेट आंब्याच्या फांदीवर. गिरिराज बिचारी अंगाने जड, चार पावलं फडफडते आणि सापडते. ज्या कुणी परसबागेत सुधारित जातीची पिल्लं आणताय, अंड्यांच्या आकड्याबरोबर हेही विचारात घ्या. जास्त अंडी देणारा पक्षी जीव वाचवायला कमी पडतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, नाहीतर कुत्रावाले चिडतील. कोंबडी गेली की प्रत्येक वेळी कुत्राच असतो असं नाही. पिल्लू उघड्यावरून गेलं, मागे काही खूण नाही, तर बहुतेक घार. मुंगूस मानेला धरतं आणि जमलं तर बिळाकडे ओढून नेतं. रानमांजर अख्खी कोंबडी उचलतं. कुत्र्याचं काम ओळखू येतं. पिसं अंगणभर, कोंबडी लाळेने ओली, चेंगरलेली आणि बऱ्याचदा खाल्लेलीच नाही. एक मारून थांबतही नाही, जी फडफडेल तिच्यामागे. त्याला भूक लागलेली नसते, त्याचा तो खेळ असतो. म्हणून "आमचा कुत्रा पोटभर जेवतो, तो कशाला कोंबडी धरेल" हा युक्तिवाद मला पटत नाही. आणि एकदा धरून बघितली की त्या खेळाची चटक लागते.

आमचा कोंबडा गेला तो आखाडाच्या तोंडावर. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना आखाड म्हणजे काय ते सांगायला नको. वर्षभर ज्या कोंबड्याला कुणी विचारत नाही, त्याला गटारीच्या आधी दारात येऊन भाव मिळतो. भाऊजींनी नुकसान नाकारलं नाही, हे खरं. पण देऊ केला तो बॉयलरचा किलोचा भाव! मी म्हटलं, "भाऊजी, बॉयलर दीड महिन्यात तयार होतो. हा आठ महिने माझ्या दारात दाणे खाऊन वाढलाय." त्यावर ते हसत म्हणाले, "वहिनी, माझा कुत्रा मोकळा म्हणता, तुमच्या कोंबड्या काय दावणीला बांधल्यात का?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कोंबड्यांनी त्यांचा कोथिंबिरीचा वाफा उकरला आहे, वाळत घातलेल्या बाजरीवर ताव मारला आहे. तिथे भरपाई मागायचा त्यांचाही हक्क आहे आणि मागितली तर मी देईन. पण दोघं सारखेच मोकळे म्हणून हिशेब फिटला, हे मला मान्य नाही. कोथिंबीर महिन्यात परत येते. खुडूक बसलेली कोंबडी मेली तर तिच्याखालची दहा-बारा अंडीही गार पडून वाया जातात, उबवणीच्या एकवीस दिवसांतले कितीही दिवस झालेले असोत. म्हणजे गेली एक कोंबडी आणि तिच्याबरोबर पुढचा सगळा थवा. शिवाय हे पैसे कुणाचे, तेही बघा. उसाचं बिल नवऱ्याच्या खात्यात येतं, दुधाचा पगार सासऱ्यांच्या. अंड्यांचे पैसे तेवढे बाईच्या हातात राहतात. मुलीच्या वह्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं, भिशीचा हप्ता, कुणाकडे हात न पसरता. कोंबडीचं नुकसान किरकोळ म्हणणारे बहुतेक पुरुष का असतात, ते यातून कळेल.

कायदा काय म्हणतो तेही बघून झालं. हाती फार काही लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं की आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल आणि मालकाने काळजी घेतली नाही, तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणसाच्या जिवाला, कोंबडीच्या नाही. कोंडवाड्याचा कायदा 1871 चा. त्यात गुरं, घोडे, गाढवं, डुकरं, शेळ्यामेंढ्या आहेत, हत्ती आणि उंटसुद्धा आहेत! जुन्नरच्या उसात हत्ती शिरला तर सोय आहे, कुत्र्याची नाही. दिवाणी दावा लावता येतो म्हणे. कोंबडीसाठी तारखा करायच्या म्हणजे वकिलाच्या फीपायी उरलेलं खुराडंही विकायला लागायचं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत एवढं मात्र स्वच्छ लिहिलंय की पाळीव जनावराची लस, जंताचं औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. नसबंदीने कुत्र्याची शिकार थांबत नाही, पण नराचं लांब भटकणं बऱ्याचदा कमी होतं. आणि रेबीजची लस तर हवीच हवी, कारण कुत्र्याच्या तोंडातली कोंबडी सोडवायला आपण हात घालतोच. माझ्या सासूबाईंनी घातला होता. चावा नव्हता, ओरखडा होता, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ओरखडा म्हणून सोडून देऊ नका.

आता सगळ्यात वाईट भागाकडे येते. हे दुखणं गावात सांगितलं की चौघांतला एक जण हळूच म्हणतो, "थिमेट टाक की मटणात." थिमेट म्हणजे फोरेट नावाचं कीटकनाशक, त्यावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, तरी जुना डबा कुणाच्या तरी माळ्यावर निघतोच. असला सल्ला देणाऱ्याला मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. ते मटण नेमका तोच कुत्रा खाईल याची हमी काय? कावळे खातील, मांजर खाईल, एखादं पोर हात लावेल. आणि जनावर मारलं किंवा विष घातलं तर न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत कैद आहे. पण कैद नसती तरी नाही. त्या कुत्र्याने काही ठरवून केलेलं नाही. माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

दुसरा गावठी इलाज, मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची, सडेपर्यंत. म्हणे पुन्हा कोंबडीकडे बघत नाही. सकाळी केलेल्या कामाची शिक्षा संध्याकाळी गळ्यात लटकतेय हे कुत्र्याला कसं कळणार? त्याला एवढंच कळतं की आपल्याला घाण वास येतोय आणि सगळे हाकलतायत. मारून आणल्यावर झोडपण्याचंही तेच. कुत्र्याला आवरायचं तर तो कोंबडीकडे बघतो त्या क्षणी, दोरी हातात असताना. पिल्लू असतानाच कोंबड्यांत वावरलेला कुत्रा पुढे त्यांची राखण करतो, असे कुत्रे मी बघितलेत. पण दीड वर्षाचा, चटक लागलेला कुत्रा नुसत्या रागावण्याने सुधारेल यावर माझा विश्वास नाही.

मग "जाळी मारा" म्हणणारे. मारली. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो दाताने उसवतो. वेल्डमेश, म्हणजे सांधलेल्या जाड तारेची जाळी लागते, आणि तीही खाली फूटभर गाडून, नाहीतर तो उकरून येतो. शेडनेटचं कुंपण तर विचारूच नका. पण माझा आक्षेप खर्चाला नाही. दिवसभर जाळीत कोंडायच्या तर त्यांना परसातल्या कोंबड्या कशाला म्हणायचं? किडे, वाळवी, सांडलेला दाणा यावर त्या जगतात म्हणून तर परवडतात. कोंडल्या की खाद्याचं पोतं आलं आणि नफा गेला. कुत्रा एकाचा आणि कुंपण दुसरीने घालायचं, हा न्याय कुठला?

शेवटी तोडगा निघाला तो माझ्यात आणि जाऊबाईंत, चुलीपुढे बसून. पुरुषमंडळी तंटामुक्ती समितीपर्यंत जायच्या गोष्टी करत होती. आम्ही दोघींनी वेळ वाटून घेतली. कुत्रा उजाडताच सुटणार आणि आठपर्यंत हिंडणार, तोवर माझं खुराडं बंद. सकाळी लवकर अंडी घालणाऱ्या कोंबड्यांची वेळही त्यातच जाते, त्यामुळे तेवढी अंडी झुडपांत शोधायचा त्रास वाचला, तो वेगळा फायदा. आठनंतर कुत्रा तारेवर. म्हणजे दोन खांबांना ताणून तार, तारेत कडी, कडीला साखळी. तीस-चाळीस फूट धावता येतं, सावलीत बसता येतं, पाणी पोहोचतं. खुंट्याला बांधलेला कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकतो, हा तसा नाही. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की पुन्हा तासभर मोकळा, अंधार पडायच्या आत पडवीत.

आणि भाव ठरवला, काही घडायच्या आधी. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली असेल तर इतके, अंड्यावरची असेल तर इतके, खुडूक असेल तर अंड्यांसकट, कोंबडा असेल तर त्या दिवशीच्या ओतूरच्या बाजारभावाने. त्यांच्या वाफ्याचाही भाव ठरला. ज्यांच्या शेजारी असा कुत्रा आहे त्यांनी भाव आजच ठरवा, मेलेली कोंबडी हातात धरून ठरवायला बसलात तर भांडणच होणार. जाऊबाईंनी मागच्या महिन्यात माझ्याकडून उबवायला अंडी नेली. आता त्यांच्याही दारात पिल्लं आहेत आणि भाऊजींना तारेची आठवण मला करून द्यावी लागत नाही.

एक अडचण उरलीय. पावसाळ्यात तारेवरची लोखंडी कडी गंजून अडकते आणि कुत्रा एकाच टोकाला राहतो. कुणी पितळी कडी किंवा छोटी पुली वापरली असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, आणि ती कितपत टिकली तेही लिहा.